अध्यापक महाविद्यालयात समिती नेमके काय तपासते?

प्रश्न : माझ्या मुलीला गणित विषय घेऊन बी.एड. करायचे आहे. आम्ही जिल्ह्यातली दोन महाविद्यालये पाहून आलो. पहिल्याच्या प्रवेशद्वारावर ‘नॅक’च्या श्रेणीचा फलक होता. आत मानसशास्त्राची प्रयोगशाळा, भाषेची प्रयोगशाळा, तक्ते, नकाशे, प्रतिकृती असे सगळे काचेच्या कपाटांत नीट लावलेले होते. दुसऱ्या महाविद्यालयात साधने थोडी आणि हाताळून जुनी झालेली होती. पण तिथल्या एक प्राध्यापिका एका विद्यार्थिनीशी तिच्या सराव पाठाबद्दल बराच वेळ बोलत बसलेल्या दिसल्या. तपासणीला येणारी समिती यातले नेमके काय पाहते? साधनांवरून महाविद्यालयाचा दर्जा कळतो का? – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तपासण्या एकत्र आल्या आहेत. आधी त्या वेगळ्या करू.

पहिली तपासणी मान्यतेची. ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई करते. ही परिषद १९७३ मध्ये केवळ सल्लागार संस्था म्हणून सुरू झाली. १९९३ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले आणि १९९५ पासून ती वैधानिक संस्था म्हणून काम करू लागली. तिच्या मान्यतेशिवाय बी.एड. किंवा डी.एल.एड. चालवता येत नाही. कायद्याच्या कलम १७ नुसार ती दिलेली मान्यता काढूनही घेऊ शकते.

मान्यतेसाठी किमान काय हवे, हे परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत लिहिले आहे. बी.एड. दोन वर्षांचे झाले ते याच नियमावलीने. पन्नास विद्यार्थ्यांचे एक एकक धरतात आणि दोन एककांसाठी, म्हणजे शंभर विद्यार्थ्यांसाठी, १६ पूर्णवेळ अध्यापक लागतात. त्यांत प्राचार्य एक, शिक्षणाच्या तात्त्विक बाजूसाठी चार, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांच्या अध्यापनशास्त्रासाठी आठ, शिवाय शारीरिक शिक्षण, दृश्यकला आणि प्रयोगकला यांसाठी प्रत्येकी एक. ग्रंथालयात किमान १,००० शीर्षके आणि ३,००० पुस्तके हवीत, निम्म्या विद्यार्थ्यांना एका वेळी बसता येईल एवढी जागा हवी आणि दरवर्षी २०० नव्या शीर्षकांची भर पडायला हवी. शालेय अभ्यासक्रमाच्या साहित्याचे दालन, संगणक व तंत्रज्ञानाची सोय, खेळाचे साहित्य यांचाही त्यात समावेश आहे.

दुसरी तपासणी दर्जाची. ती ‘नॅक’, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद करते. ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. तिचे सात निकष आहेत : अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन, संशोधन आणि विस्तारकार्य, पायाभूत सुविधा आणि अध्ययनसाहित्य, विद्यार्थ्यांना मिळणारे पाठबळ, प्रशासन आणि नेतृत्व, संस्थेची मूल्ये आणि उत्तम प्रथा. महाविद्यालय आधी स्वतःचा स्वयंमूल्यमापन अहवाल लिहिते, त्यातल्या आकड्यांची आणि कागदपत्रांची पडताळणी होते आणि चारपैकी गुणांची सरासरी काढून श्रेणी ठरते. या पद्धतीत ३.५१ पासून वर ‘अ++’, ३.०१ ते ३.२५ ‘अ’, २.०१ ते २.५० ‘ब’ अशी उतरंड आहे. श्रेणीला मुदत असते, साधारणपणे पाच वर्षांची. म्हणून फलकावरच्या अक्षराइतकेच त्याखालचे वर्षही वाचा.

तुम्ही पाहिलेली काचेची कपाटे सातपैकी एका निकषात, चौथ्यात येतात. त्या प्राध्यापिका जे काम करत होत्या ते दुसऱ्या निकषाचे हृदय आहे. पण कपाटाचे छायाचित्र काढता येते, खरेदीची पावती जोडता येते. सराव पाठानंतरची चर्चा कागदावर उतरवणे अवघड असते. त्यामुळे जे मोजायला सोपे ते अहवालात ठळक दिसते आणि ज्याने शिक्षक घडतो ते मागे पडते. कपाट असणे आवश्यक आहे, पण त्यावरून दर्जा ठरवू नका. मान्यता आणि अध्यापकांची संख्या दोन्हीकडे सारखी असेल, तर मी तुमच्या मुलीला दुसऱ्या महाविद्यालयात जायला सांगेन.

प्रश्न : इतके नियम असताना केवळ कागदावर चालणारी डी.एड., बी.एड. महाविद्यालये निघाली कशी?

उत्तर : याचे उत्तर महाराष्ट्राने जवळून अनुभवले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याकडे डी.एड.ला मोठी मागणी होती. बारावीनंतर दोन वर्षे आणि मग शाळेत नोकरी, हा ग्रामीण कुटुंबांना दिसणारा सर्वांत सरळ रस्ता होता. मागणी पाहून खासगी अध्यापक विद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीपुढे आलेल्या महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने या संस्थांची तपासणी करवून घेतली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य संस्था मान्यतेच्या लायक ठरल्या नाहीत.

ऑगस्ट २०१२ मध्ये आलेला आयोगाचा अहवाल महाराष्ट्रापुरता थांबला नाही, साऱ्या देशाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे चित्र त्याने मांडले. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी बहुतांश खासगी आहेत आणि एकेकट्या, कोणत्याही विद्यापीठाच्या इतर विभागांपासून तुटलेल्या आहेत, हे त्याने दाखवून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या आयोगाचा हवाला देऊन फार कठोर शब्द वापरले : अशा दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्थांपैकी बहुसंख्य संस्था शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नच करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारच्या धोरणाच्या कागदात हे लिहिले गेले, यावरून दुखणे किती खोल होते ते कळते.

कारण काय? मान्यता देताना जागा, इमारत, वह्या, नोंदी, पावत्या यांची एकदाच झडती होत होती. इमारत दाखवता येते, साहित्य भाड्याने आणता येते, अध्यापकांची नावे यादीत लिहिता येतात. मान्यता मिळाल्यानंतर दरवर्षी वर्गात काय चालते, हे पाहणारी यंत्रणा दुबळी होती. दर्जाची हमी ही एका दिवसाच्या भेटीतून मिळत नाही. म्हणूनच पुढे २०१४ च्या नियमावलीत वर्षाला किमान २०० कामकाजाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला, ९० टक्के हजेरी अशा अटी आल्या. एवढे सगळे असूनही ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणारे महाविद्यालय भेटले, तर तिथे प्रवेश घेऊ नका. हजेरीतली ही सवलत पुढे त्या शिक्षकाच्या वर्गातल्या चाळीस मुलांना महागात पडते.

नॅकच्या पद्धतीवरही प्रश्न उभे राहिले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यापीठाच्या तपासणीला गेलेल्या समितीच्या सदस्यांना सीबीआयने लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, श्रेण्यांऐवजी ‘प्रत्यायित’ किंवा ‘प्रत्यायित नाही’ असे दोनच निकाल देण्याची सुधारणा जाहीर झाली होती. पद्धत कोणतीही येवो, बाहेरच्या समितीवर सगळा भार टाकून महाविद्यालयाला मोकळे होता येणार नाही.

प्रश्न : साधने विकत घेतलेली असतात, मग ती वापरली का जात नाहीत?

उत्तर : हा प्रश्न फक्त अध्यापक महाविद्यालयांचा नाही, आपल्या साऱ्या शाळांचा आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून केंद्राने ‘खडू-फळा मोहीम’ राबवली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन मोठ्या खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य द्यायचे, असा तिचा आराखडा होता. फळे, नकाशे, तक्ते, छोटे ग्रंथालय, खेळणी, विज्ञानाची पेटी असे बरेच साहित्य गावोगावी पोचले. पण ते कसे वापरायचे याचे प्रशिक्षण अपुरे पडले. शिवाय ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेले. मोडले, हरवले तर जबाबदार कोण? मुख्याध्यापकांनी ते कुलपात ठेवले, कारण कुलपात ठेवलेल्या वस्तूबद्दल कोणी जाब विचारत नाही.

छात्राध्यापक जेव्हा आंतरवासितेला शाळेत जातात तेव्हा ते हीच सवय पाहतात. त्यांच्या महाविद्यालयातही तसेच असेल, तर ती त्यांच्या अंगवळणी पडते. म्हणून साधन वापरताना मोडले तर ते दुरुस्त करता येते किंवा नोंद करून वजा करता येते, हे प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवे. मोडलेले भिंग ही वापराची खूण आहे. पाच वर्षे एकही वस्तू न मोडलेल्या प्रयोगशाळेकडे तपासणाऱ्याने संशयाने पाहायला हवे.

आपल्या मातीत याची उलटी, उजळ परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीतली परदेशी घडणीची साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना ती ओळखीचीही वाटली नसती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या घेऊन मोजणे, वर्गीकरण, रंग, आकार शिकवले. गाई-गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. याच मुशीतून बालसेविका आणि शिक्षक तयार झाले. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने पेन, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती कशी करायची हे सर्वांना मोफत दाखवले. दोन्ही ठिकाणी साधन स्वस्त होते, हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा, की शिक्षकाने ते स्वतः केले होते. त्यामुळे ते का केले हे त्याला ठाऊक होते आणि मोडले तर दुसरे करण्याची हिंमत त्याच्याकडे होती.

प्रश्न : माझा मुलगा बी.एड. करतो. पाठासाठी रात्रभर तक्ते रंगवत बसतो. शैक्षणिक साधन चांगले की वाईट हे कसे ओळखावे?

उत्तर : साधनाच्या देखणेपणावरून नाही, मुलांच्या चुकीवरून ओळखावे. एक उदाहरण घेऊ. पाचवी-सहावीत अपूर्णांकांची बेरीज येते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, याचे उत्तर पुष्कळ मुले दोन छेद पाच असे लिहितात. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मुलाच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे. आता तुमचा मुलगा ‘समच्छेद करण्याच्या पायऱ्या’ असा रंगीत तक्ता टांगेल, तर मुले पायऱ्या पाठ करतील, पण त्यांची मूळ समजूत तशीच राहील.

त्याऐवजी प्रत्येक मुलाला बारा सेंटीमीटर लांबीच्या कागदाच्या पट्ट्या द्या. एक पट्टी मधोमध दुमडली की निम्मा भाग सहा सेंटीमीटरचा. दुसरीच्या तीन सारख्या घड्या घातल्या की तिसरा भाग चार सेंटीमीटरचा. दोन्ही शेजारी ठेवले की दहा सेंटीमीटर, म्हणजे बारापैकी दहा, म्हणजे पाच छेद सहा. मग विचारा : तुमचे दोन छेद पाच हे उत्तर पट्टीवर किती लांब येईल? बाराचे दोन छेद पाच म्हणजे ४.८ सेंटीमीटर. निम्म्या पट्टीत भर घातली आणि उत्तर निम्म्याहूनही लहान आले? मुले स्वतःच म्हणतात, ‘बाई, हे चुकतंय.’ या साधनाने त्यांच्या चुकीला थेट हात घातला.

यातही छात्राध्यापक हमखास घसरतो. कोणी गोल कापतो आणि निम्म्यासाठी मोठा गोल, तिसऱ्या भागासाठी लहान गोल घेतो. मग ‘पूर्ण’ सारखे न राहिल्याने बेरजेला अर्थच उरत नाही. पाठ पाहणाऱ्या प्राध्यापकांनी निरीक्षण वहीत ‘साधन आकर्षक, वापर चांगला’ असे लिहिले तर त्या वहीचा उपयोग काय? ‘दोन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या का हव्यात, हे मुलांना विचारले नाही, उद्याच्या पाठात विचारा’ असे लिहिले, तर त्या एका वाक्यातून शिक्षक पुढे सरकतो. अध्यापक महाविद्यालयाच्या गुणवत्तेचा खरा कागद तो आहे.

सूक्ष्म अध्यापनाची पद्धत याच विचारातून निघाली. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. आपल्याकडे रूढ झालेल्या चक्राला ३६ मिनिटे लागतात : पाठ सहा मिनिटे, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुनर्पाठ सहा आणि पुनर्प्रत्याभरण सहा. या वाटणीकडे नीट पाहा. शिकवण्याला एकूण बारा मिनिटे आणि त्यावर बोलण्याला, फेरविचाराला चोवीस. चक्राचा जीव या चोवीस मिनिटांत आहे. शंभर विद्यार्थी आणि मोजके अध्यापक असले की हीच मिनिटे आधी कापली जातात. मग सूक्ष्म पाठ ही वही भरण्याची रीत उरते. अध्यापकांची रिक्त पदे म्हणजे फक्त आस्थापनेची अडचण नव्हे. त्यांच्यामुळे छात्राध्यापकाच्या हातून चूक सुधारण्याची संधीच निसटते.

प्रश्न : ‘वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के लक्षात राहते’ असे आमच्या नोट्समध्ये आहे. हे कोणत्या संशोधनातून आले?

उत्तर : कोणत्याच संशोधनातून नाही. हे आकडे एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ मध्ये दृकश्राव्य अध्यापनावरच्या पुस्तकात ‘अनुभवांचा शंकू’ मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, वर जाताना प्रात्यक्षिक, सहल, चित्रपट, चित्र आणि टोकाला शब्द, अशी मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ती रचना होती. तिच्यात टक्केवारी नव्हती. टक्के नंतर कोणीतरी चिकटवले, ते एकाकडून दुसऱ्याकडे उतरले आणि जगभरच्या प्रशिक्षण पुस्तिकांत शिरले. शंकूचा अर्थ यांत्रिकपणे लावू नये, अशी सूचना डेल यांनीच पुढे दिली होती.

तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण गुणवत्ता हमीची चर्चा इमारती आणि उपकरणांपाशी थांबते आणि शिकवल्या जाणाऱ्या मजकुराची शहानिशा राहून जाते. पाठोपाठच्या दहा बॅचेस एकच झेरॉक्स नोट्स वाचत असतील, तर ग्रंथालयातली ३,००० पुस्तके काय कामाची? अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने, ज्याला आपण आयक्यूएसी म्हणतो, वर्षातून एकदा तरी प्रत्येक विषयाच्या नोट्स समोर ठेवून विचारावे : यातले कोणते विधान कशाच्या आधारावर आहे? ज्याला आधार नाही ते काढून टाकावे. याला खर्च येत नाही, लागते ती फक्त बौद्धिक प्रामाणिकपणाची तयारी.

प्रश्न : आता ‘दीक्षा’ आहे, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आहेत, स्मार्ट बोर्ड आहेत. मग तक्ते, पट्ट्या कशाला?

उत्तर : ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाले आणि त्यावर चांगले मराठी साहित्यही आहे. ते जरूर वापरावे. पण कसोटी बदलत नाही. व्हिडिओ मुलांची कोणती चूक दूर करण्यासाठी दाखवायचा, तो कुठे थांबवायचा, थांबवून काय विचारायचे आणि त्या दिवशी वीज नसेल तर पाठ कसा पुढे न्यायचा, हे छात्राध्यापकाला ठरवता आले पाहिजे. पाठ टाचणात ‘साधन : व्हिडिओ’ एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. महाविद्यालयाने त्याला पडद्याची कळ दाबायला शिकवले, पण निवड करायला शिकवले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : आम्ही पालक आणि विद्यार्थी. तज्ज्ञ नाही. प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : आधी कागद पाहा. एनसीटीईच्या मान्यतेचा आदेश, त्यात लिहिलेली प्रवेशक्षमता, विद्यापीठाची संलग्नता आणि नॅकची मुदत. नियमांप्रमाणे महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर अध्यापकांची नावे, पात्रता, सुविधा ही माहिती द्यायला हवी. ती यादी घेऊन प्रत्यक्ष जा आणि त्यांतले किती जण त्या दिवशी महाविद्यालयात आहेत ते विचारा. विशेषतः तुमच्या विषयाच्या, उदाहरणार्थ गणिताच्या, अध्यापनशास्त्राचा पूर्णवेळ अध्यापक आहे का, हे नक्की विचारा. अनेकदा एकच व्यक्ती गणितही सांभाळते आणि विज्ञानही.

मग ग्रंथालयात जा. शेवटच्या महिन्याची देवघेव नोंद पाहू द्या म्हणावे. नियतकालिके कोणती येतात, ताजा अंक टेबलावर आहे का, पाहा. साधनांच्या दालनात गेल्यावर एखादी वस्तू हातात मागा. ‘कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकासाठी ही वापरता?’ असे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. प्राध्यापकांपेक्षा त्यांचे उत्तर अधिक सांगून जाईल.

दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची पाठाची वही पाहता आली तर उत्तम. त्यात निरीक्षकाचा शेरा एका शब्दाचा आहे की परिच्छेदाचा? शेऱ्यानंतर पाठात काही बदल केलेला दिसतो का? सगळ्या वह्यांत एकच पाठ, एकच उदाहरण, एकच अक्षर दिसले तर समजून घ्या.

शेवटी आंतरवासिता. नियमांत शाळेतल्या कामासाठी एकूण २० आठवडे आहेत, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. ते कोणत्या शाळांत होतात, एका शाळेत किती छात्राध्यापक पाठवतात, महाविद्यालयाचे अध्यापक तिथे किती वेळा जातात, शाळेतल्या कोणत्या शिक्षकाकडे मार्गदर्शनाची जबाबदारी असते? या चार प्रश्नांना नेमकी उत्तरे देणारे महाविद्यालय आपले काम गंभीरपणे करते, असे खुशाल समजा.

प्रश्न : हे सगळे सुधारण्यासाठी काय करता येईल?

उत्तर : धोरणाच्या पातळीवर दिशा ठरली आहे. २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी आणि शिक्षक-प्रशिक्षण बहुविद्याशाखीय संस्थांत यावे, असे २०२० चे धोरण सांगते. २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ संस्थांत हा अभ्यासक्रम सुरूही झाला. एकेकट्या महाविद्यालयाचा कोंडलेपणा यातून कमी होईल. गणित शिकवायला शिकणाऱ्याला शेजारच्या इमारतीत गणिताचा विभाग मिळेल, ही मोठी गोष्ट आहे.

पण वर्षे आणि इमारत बदलून वर्गातले काम आपोआप बदलत नाही. माझी मागणी साधी आहे. मान्यता देणारी असो, श्रेणी देणारी असो की विद्यापीठाची असो, प्रत्येक तपासणीत समितीने आधी न ठरवलेला एक सराव पाठ शाळेत जाऊन पूर्ण पाहावा. त्यानंतर छात्राध्यापक आणि त्याचे मार्गदर्शक यांच्यात होणारी चर्चाही शेवटपर्यंत ऐकावी. अशा पाच चर्चा ऐकल्या की महाविद्यालयाविषयी जे कळते ते कित्येक फायलींतून कळत नाही. साधने किती आहेत याच्या जोडीला, एका वर्षात किती साधने विद्यार्थ्यांनी स्वतः केली, त्यांतली किती मुलांसमोर वापरली आणि वापरल्यावर किती बदलली, याची नोंद मागावी.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित आणि पुरेसे वेतन असलेले शिक्षक मागितले होते. ती मागणी बहुजनांच्या मुलांसाठी होती. ज्या घरात शिकवणी लावायला पैसे नाहीत, त्या मुलाला मिळणारे सारे शिक्षण त्याच्या शाळेतल्या शिक्षकाकडून येते. हा शिक्षक अर्धवट तयार होऊन वर्गात उभा राहिला, तर त्या मुलाला दुसरीकडून काही मिळण्याची सोय नसते. अध्यापक महाविद्यालयाचा दर्जा हा म्हणूनच सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि मुख्याध्यापकांनी तो विचारत राहिले पाहिजे. समिती पाच वर्षांतून एकदा येते; आपण रोज विचारू शकतो.